शीड गुंडाळावे, पण उतरवताही यावे

वरणगावच्या महाविद्यालयीन अंकात शिडाच्या नौकेवर लेख आलेला पाहून वाचकांना नवल वाटेल, याची मला कल्पना आहे. आपल्याकडे दारूगोळ्याचा कारखाना आहे, शेजारी भुसावळचे जंक्शन आहे, केळीच्या बागा आहेत, हतनूरचे धरण आहे; समुद्र तेवढा नाही. पण हतनूरला अडलेले तापीचे पाणी शेवटी सुरतेजवळ समुद्रालाच मिळते, आणि आपल्या भागातील माणसेही नोकरीच्या निमित्ताने पाण्यामागोमाग तिकडे जातातच. माझे मामा असेच नौदलात गेले, निवृत्तीनंतर गोव्यात स्थायिक झाले आणि दोन मित्रांच्या भागीदारीत त्यांनी एक जुनी 34 फुटी शिडाची नौका घेतली. या नौकेचे पुढचे शीड गुंडाळण्याचे यंत्र निकामी झाले आणि नवे घेण्याची वेळ आली. बाजारात यंत्रे अनेक, माहितीपत्रके सारी इंग्रजीत. नौकेवर बहुधा मामा आणि मामी दोघेच असतात. दिवाळीच्या सुटीत मी तिकडे गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, "अरे, तुझे मामा मला समजावतात ते अर्धे इंग्रजीत आणि अर्धे नौदलाच्या भाषेत. तू हे सगळे नीट वाच आणि मला साध्या मराठीत लिहून दे. यात पैसे माझेही जाणार आहेत, आणि वेळ आली तर जीवही." त्या सुटीत केलेल्या टिपणाचा हा विस्तार होय.

पुढचे शीड आणि वाऱ्याचे गणित

आजची प्रवासी शिडाची नौका बहुधा एका डोलकाठीची असते. डोलकाठीच्या मागे मोठे शीड आणि पुढे, म्हणजे नाळेच्या बाजूला, दुसरे तिकोनी शीड. या पुढच्या शिडाला जीब म्हणतात. ते इतके मोठे असेल की त्याचा मागचा कोपरा डोलकाठीच्याही मागे जातो, तर त्याला जेनोआ म्हणतात. डोलकाठी मागे कोसळू नये म्हणून तिच्या माथ्यापासून नाळेच्या टोकापर्यंत एक पोलादी तार ताणलेली असते. पुढचे शीड याच तारेच्या आधाराने उभे राहते. एकच तार डोलकाठी सावरते आणि शीडही धरते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण शाळेत शिकलेलो नसलो तरी छत्री धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. समुद्रावर वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात; 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. मामांच्या जेनोआचे क्षेत्रफळ सुमारे 30 चौरस मीटर आहे. एवढे कापड वाऱ्याला आडवे धरले, तर 10 नॉटच्या वाऱ्यात त्यावर सुमारे 50 किलो वजनाइतका दाब येतो. वारा 20 नॉट झाला की तोच दाब 200 किलोंच्या आसपास जातो आणि 30 नॉटला सव्वाचारशे किलो ओलांडतो. वारा तिप्पट, तर दाब नऊपट! सकाळी सुखाने चालवणारे शीड सायंकाळी नौका आडवी करू शकते ते यामुळे. म्हणून वारा वाढू लागला की शीड लहान करणे हे खलाशाचे पहिले कर्तव्य. ते कसे करावे, एवढाच या साऱ्या यंत्रविद्येचा प्रश्न आहे.

आकड्यांचे शीड

जुनी रीत सोपी होती. कोकणातील गलबतांवर शीड ज्या आडव्या लांब काठीला बांधलेले असते ते परबाणच खाली घेत. युरोपीय पद्धतीच्या नौकांवर पुढच्या शिडाच्या कडेला पितळी आकड्या शिवलेल्या असत. त्या तारेत अडकवायच्या आणि दोराने शीड वर ओढायचे. वारा वाढला की नाळेवर जाऊन ते उतरवायचे, आकड्या सोडवायच्या आणि दुसरे लहान शीड चढवायचे. या रीतीत मोडण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969 या काळात एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो जगातील पहिला माणूस. त्याची 'सुहैली' ही 32 फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईत कुलाब्याला बांधलेली होती, आणि तिच्यावर अशीच आकड्यांची शिडे होती.

मग यंत्र हवे कशाला? कारण आकड्यांच्या शिडासाठी माणसाला नाळेवर जावे लागते. नाळ म्हणजे नौकेचा सर्वांत अरुंद, सर्वांत ओला आणि सर्वांत जास्त उसळणारा भाग. काळोख्या रात्री, लाटांत, दोन्ही हातांनी भिजलेले कापड आवरत तेथे गुडघ्यावर बसायचे, हे पंचविशीतल्या नाविकाला जमते. मामा आता 58 वर्षांचे आहेत आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे. ते नाळेवरून पाण्यात पडले, तर नौकेवर उरतील एकट्या मामी. त्या वेळी त्यांना पूर्ण उघडे शीड आवरून, नौका वळवून, लाटांत एक डोके शोधायचे आहे. मागे बसल्या जागेवरून एक दोर ओढून शीड आवरता येणे ही अशा जोडप्याच्या दृष्टीने चैन नव्हे.

यंत्र चालते कसे

आपल्या स्नेहसंमेलनात रंगमंचाचा रंगवलेला पडदा लांब दांड्यावर गुंडाळला जाताना सर्वांनी पाहिला आहे. तोच दांडा उभा करा. आता विहिरीवरचा रहाट आठवा. दोर ओढला की रहाट फिरतो. दांड्याच्या तळाशी असा रहाट बसवा. झाले पुढचे शीड गुंडाळण्याचे यंत्र!

मामींसाठी मी त्याचे चार भाग मानले आणि त्यांना साधी नावे दिली. पहिला भाग तार. दुसरा भाग त्या तारेवर चढवलेली ॲल्युमिनियमची लांब नळी. तिला उभी खोबण असते आणि शिडाची कड त्या खोबणीतून वर सरकते. तिसरा भाग तळाचे रीळ. त्यावर गुंडाळणीचा दोर असतो आणि तो नौकेच्या कडेकडेने मागे सुकाणूपर्यंत आणलेला असतो. चौथा भाग वरची फिरकी. शिडाचे वरचे टोक या फिरकीला बांधतात आणि शीड चढवण्याचा दोरही तिलाच बांधतात. तिचा आतला भाग नळी व शिडाबरोबर फिरतो, आणि ज्याला चढवणीचा दोर बांधलेला असतो तो बाहेरचा भाग स्थिर राहतो. दोन्हींच्या मधे बारीक गोळ्यांचे बेअरिंग असते.

शीड उघडताना त्याचा मागचा दोर ओढतात. शीड उलगडते, नळी फिरते आणि गुंडाळणीचा दोर आपोआप रिळावर चढतो. बंद करायचे तेव्हा तोच दोर मागून ओढायचा. रीळ उलटे फिरते, नळी फिरते, शीड तिच्याभोवती गुंडाळले जाते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात विसाव्या शतकाच्या आरंभीच वायकहॅम-मार्टिन या नावाचे यंत्र निघाले होते. पण त्याला नळी नव्हती, म्हणून शीड एक तर पूर्ण उघडे नाही तर पूर्ण बंद एवढेच त्याने साधे. खोबणीची नळी आली तेव्हा शीड अर्धवट गुंडाळून वापरणे शक्य झाले.

मात्र अर्धवट गुंडाळण्यालाही मर्यादा आहे. शीड हे सपाट कापड नसते. ते मधे फुगेल असे शिवलेले असते. चादरीच्या मधोमध उशी ठेवून ती गुंडाळली तर कडा आवळतात आणि मध्य सैल राहतो. शिडाचेही तसेच होते, आणि जोराच्या वाऱ्यात नेमके सपाट शीड हवे असते. म्हणून शिडाच्या पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवून घेतात. ती गुंडाळताना मधला झोळ खाते. तरीही साधारण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त गुंडाळून त्या शिडाकडून चांगल्या चालीची अपेक्षा करू नये, असे जाणकार सांगतात. वादळासाठी वेगळे लहान, जाड शीड हवेच, आणि ते लावायला या यंत्रापासून स्वतंत्र अशी दुसरी तार असावी.

बिघाड कुठे होतो

2024 च्या जानेवारीत मामा-मामी कारवारहून गोव्याकडे परतत होते. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो. तो वाढला तसे मामांनी शीड गुंडाळायला घेतले, आणि एक तृतीयांश गुंडाळून झाल्यावर यंत्र अडले. पुढे फिरेना, मागे फिरेना. मग शीड खाली उतरवायचे ठरवले, तर तेही उतरेना. फडफडणारे शीड साऱ्या डोलकाठीला हादरे देत होते. अखेर मामींनी इंजिन चालू करून नौकाच गोल गोल फिरवली आणि वाऱ्याकडूनच ते शीड तारेभोवती लपेटून घेतले. हा जुना उपाय आहे, तो प्रत्येक नौकावाल्याने लक्षात ठेवावा. धक्क्याला आल्यावर माणूस वर चढवून पाहिले. चढवणीचा दोर नळीच्या टोकाभोवती तीन वेढे बसून आवळला होता. आणि त्याहून गंभीर म्हणजे, 19 धाग्यांच्या पोलादी तारेचे तीन धागे वरच्या जोडापाशी तुटलेले होते.

या एका प्रसंगात यंत्राचे मुख्य दोष एकत्र आले होते, म्हणून त्यांची फोड करतो.

चढवणीचा दोर नळीला गुंडाळला जाणे हा सर्वांत नेहमीचा बिघाड. फिरकीचा बाहेरचा भाग स्थिर राहावा अशी रचना असते. पण दोर नळीला अगदी समांतर आणि खेटून असेल तर तोही तिच्याबरोबर फिरू लागतो. विहिरीवर दोराला पीळ बसला की तो स्वतःलाच आवळतो, तसे हे. त्यासाठी फिरकी नळीच्या अगदी टोकाजवळ पोचली पाहिजे आणि तिच्यापासून दोर डोलकाठीकडे थोडा तिरपा, सुमारे 10 अंशांच्या कोनात, जायला हवा. मामांच्या नौकेचे नवे शीड थोडे तोकडे शिवलेले होते. त्यामुळे फिरकी टोकाच्या अर्धा मीटर खाली राहिली होती. शिडाच्या वरच्या टोकाला तेवढ्या लांबीचा तारेचा तुकडा जोडला असता तर ती जागेवर आली असती.

दुसरा बिघाड रिळावरचा. शीड एकदम सोडले की दोर रिळावर सैल चढतो आणि एक वेढा दुसऱ्याखाली अडकतो. रहाटावर हे घडलेले आपल्या शेतकऱ्यांनी हजारदा पाहिले असेल. उपायही तोच: उघडताना दोर मोकळा सोडू नये, हातात थोडा ताण ठेवावा. शिवाय दोर रिळात सरळ, काटकोनात शिरेल अशी पहिली कप्पी बसवावी. रिळावर वेढेही पुरेसे हवेत, कारण जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळले जाते आणि जास्त फेरे मागते. ऐन वेळी दोर संपला तर शीड थोडे उघडेच राहते. आणि हा दोर तुटला, तर पूर्ण शीड क्षणात उघडते, तेही सर्वांत वाईट वाऱ्यात. इतक्या महागड्या यंत्राचा जीव एका दोरावर असतो. तो दरवर्षी तपासावा.

तिसरा शत्रू मीठ. ॲल्युमिनियमच्या नळीत पोलादाचे स्क्रू असतात. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू कायमचे जाम होतात. स्क्रू बसवताना दोन धातूंमध्ये पडदा ठेवणारे मलम लावले, तर दहा वर्षांनीही ते निघतात.

चौथा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सर्वांत घातक. डोलकाठी धरणारी तार नळीच्या आत झाकली जाते. बाकीच्या तारा आपण रोज पाहतो. हीच तेवढी वर्षानुवर्षे दृष्टीआड. अशा तारा साधारण 10 ते 15 वर्षांनी बदलाव्यात असा प्रघात आहे. मामांच्या नौकेवरील 8 मिलिमीटरची तार नवी असताना सुमारे 5 टनांचा ताण सोसते. दोर नळीला आवळलेला असताना रीळ जोराने ओढले की तारेलाच पीळ बसतो, आणि तिचे धागे जोडापाशी एकेक करून तुटतात. ती तुटली तर शिडाबरोबर डोलकाठीही जाते.

गोव्यातील मोठ्या नौकांचा धडा

निवड करताना मामांनी मला एक गोष्ट वारंवार सांगितली: "अरे, जे यंत्र समुद्रात दुरुस्त होत नाही ते आपले नव्हे." यामागे नौदलाचा अनुभव आहे. मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा ॲक्वेरियस शिपयार्ड हा कारखाना आहे. तेथे बांधलेल्या 56 फुटी 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता ती पुरी केली. तिची धाकटी बहीण 'तारिणी' 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगभर फिरून आली. त्या प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि नौकेला ठरलेले नसताना मॉरिशसला थांबावे लागले. इतकी तयारी, इतकी माणसे, तरीही समुद्र कुठला तरी एक भाग निवडून मोडतोच.

2 ऑक्टोबर 2024 रोजी हीच 'तारिणी' पुन्हा गोव्याहून निघाली आणि 29 मे 2025 रोजी परतली. या वेळी तिच्यावर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघीच होत्या. दोघीच म्हणजे एक झोपली की दुसरी एकटी. मामींना या बातमीचे विशेष अप्रूप होते, कारण त्यांची स्थिती लहान प्रमाणावर तीच आहे. नौकेवर दोन माणसे असतात तेव्हा प्रत्येक काम एकट्याला जमणारेच हवे.

बाजारात काय मिळते

आमच्यासमोर मुख्यतः तीन नामांकित घराण्यांची यंत्रे होती. अमेरिकेच्या हार्केन कंपनीच्या यंत्रात टॉरलॉन नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या गोळ्या असतात. त्यांना ग्रीस लागत नाही. गोड्या पाण्याने धुतल्या की झाले. फिरायला अतिशय हलके. मात्र ते धुणे नियमित झाले पाहिजे. फ्रान्सच्या प्रोफर्लमध्ये बेअरिंग ग्रीसमध्ये बंद करून रबरी कड्यांनी झाकलेले असते. वापरणाऱ्याने हात लावायचे काम जवळजवळ नाही. त्याच्या वरच्या टोकाला चढवणीचा दोर नळीपासून दूर ठेवणारे खास कडेही असते. उणीव एवढीच की, झाकण गळू लागले आणि आत मीठ शिरले, तर बाहेरून लवकर कळत नाही आणि घरी दुरुस्ती अवघड. स्वीडनच्या सेल्डेन कंपनीच्या फर्लेक्समध्ये पोलादी गोळ्यांचे बेअरिंग असून त्याला ठरावीक काळाने ग्रीस भरावे लागते. त्याच्या मूळ संचाबरोबर नवी तारही येते.

याशिवाय वरच्या फिरकीचा त्रास टाळणारी साधी यंत्रे आहेत. त्यांत चढवणीचा दोर नळीतच असतो आणि शिडाबरोबर फिरतो. तेव्हा वेढे बसण्याचा प्रश्नच नाही. लहान नौकेला ती उत्तम, पण मोठ्या शिडाला त्यांतून पुरेसा ताण देणे कठीण जाते. विजेवर चालणारीही आहेत. बटण दाबले की शीड बंद! ज्यांच्या हातांत जोर नाही त्यांना ती वरदान आहेत. पण माणसाच्या हाताला जे कळते ते मोटारीला कळत नाही. दोर जड लागला की हात थांबतो आणि डोळे वर जातात. मोटार ओढत राहते, आणि काहीतरी फाटल्यावर किंवा तुटल्यावरच आपल्याला समजते. हातदोर गुंडाळण्याच्या विंचवरही हाच नियम लागू आहे. दोर जड झाला तर विंचचा दांडा लावण्याआधी कारण शोधावे.

मामींचे पाच प्रश्न

तिन्ही दरपत्रकांतील आकडे लाखांच्या घरात होते आणि फरक फार मोठा नव्हता. मग निवड कशावर करायची? मामी माझे टिपण दोनदा वाचून म्हणाल्या, "गुंडाळायला सगळीच यंत्रे चांगली दिसतात. गुंडाळले गेले नाही तर काय, ते सांग." मला वाटते, या विषयातील खरा प्रश्न हाच आहे. दुकानदार यंत्र कसे चालते ते दाखवतो; आपण ते अडल्यावर काय होते ते विचारावे. त्यातून आम्ही पाच प्रश्न काढले.

पहिला: यंत्र अडले असताना शीड खोबणीतून खाली ओढून काढता येईल का? फिरकी मोकळी राहण्याची हमी नसेल तर बाकी गुण व्यर्थ. दुसरा: तार नवी मिळणार की जुन्याच तारेवर नळी चढवणार? जुन्या तारेवर नवे यंत्र म्हणजे कुजक्या वाशांवर नवे पत्रे. तिसरा: तळाशी दोन्ही दिशांना हलणारा सांधा आहे का? शीड तारेला सतत बाजूला ओढते. सांधा नसेल तर तार एकाच जागी वाकून वाकून तुटते. चौथा: यंत्राची निगा आपल्याकडून होण्यासारखी आहे का? आणि पाचवा: यंत्र आपल्या नौकेला नेमके पुरणारे आहे की थोडे जास्त? सीमारेषेवर असलो तर वरचा आकार घ्यावा; त्याचे वजन थोडे वाढते, पण ताण सोसण्याची ताकद त्याहून जास्त वाढते.

चौथ्या प्रश्नाने आमचा निकाल लागला. मामांची नौका नदीत नांगरलेली असते. महिना महिना तिच्याकडे जाणे होत नाही. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत ती किनाऱ्यावर झाकून ठेवावी लागते. गोड्या पाण्याने नियमित धुण्यावर जे यंत्र अवलंबून आहे ते कितीही हलके चालत असले, तरी आमच्या सवयीला मानवणार नव्हते. बंद डब्यासारखे यंत्र चालेल, पण त्याच्या पोटात काय चालले आहे ते गोव्यात कोण उघडून पाहणार? ग्रीस भरणे मात्र मामी स्वतः करू शकतात. शिलाई यंत्राला तेल घालण्यापेक्षा ते फार वेगळे नाही. तार नवी घ्यायचीच होती आणि ती संचातच येत होती. म्हणून फर्लेक्स घ्यायचे ठरले, आकार एक पायरी वरचा. ज्याची नौका रोज वापरात आहे आणि धक्क्यावर नळ आहे, त्याने हार्केन निवडले तर ते तितकेच योग्य ठरेल. उत्तर यंत्रात जेवढे असते तेवढेच वापरणाऱ्यातही असते.

यंत्र त्याच डिसेंबरात बसले. तोकड्या शिडाच्या टोकाला तारेचा तुकडा जोडून फिरकी जागेवर आणली. वादळी शिडासाठी डोलकाठीपासून दुसरी, काढता-घालता येणारी तार बसवून घेतली. आणि पहिल्याच दिवशी, वारा पडलेला असताना, मामा गप्प बसून राहिले आणि मामींनी एकट्यांनी शीड पूर्ण उघडले, खोबणीतून पूर्ण खाली उतरवले, घडी करून बांधले. गुंडाळण्याची परीक्षा त्यानंतर झाली. आता हा सराव दर महिन्याला करायचा आणि मे अखेर शीड उतरवून घरी ठेवायचे, असा नेम आहे. उन्हाने शिडाचे कापड आणि शिवण दोन्ही कुजतात. म्हणून गुंडाळल्यावर बाहेर दिसणाऱ्या कडेवर जाड कापडाची पट्टी शिवलेली असते. पण पावसाळाभर शीड नळीवर ठेवणे तिच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

आपण आर्ट्‌सचे विद्यार्थी यंत्रांपासून थोडे दूरच राहतो. यंत्र निवडणे हे इंजिनीअरचे काम, असे आपल्याला वाटते. या टिपणाने माझे मत पालटले. बेअरिंग आणि धातू यांची माहिती पुस्तकात होती आणि मामांना ती पूर्वीपासून होती. त्या माहितीला योग्य प्रश्न मात्र मामींनी विचारला, आणि तो त्यांना विचारता आला, कारण साऱ्या गोष्टी त्यांच्या भाषेत त्यांच्यासमोर आल्या. आपल्या घरी पंप येतो, ट्रॅक्टर येतो, गॅसची शेगडी येते. तिची पुस्तिका बहुधा ती वापरणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत असते आणि कपाटात पडून राहते. ज्याच्या हातात संकटकाळी दोर येणार, त्याला त्या दोराची भाषा कळली पाहिजे. हे काम तर आपल्यासारख्यांना नक्कीच करता येईल.

नवे यंत्र उत्तम चालते, असे मामांचे पत्र आहे. मामींनी खाली दोन ओळी लिहिल्या आहेत: या महिन्यातही शीड उतरवून पाहिले, एकटीने, वीस मिनिटे लागली.